संध्याला पाठ असलेलं ग्वांगझू

दुबईत देऱ्यातल्या सुरेश सरांच्या लाइट-फिटिंगच्या ट्रेडिंग ऑफिसात संध्या अकरा वर्षं चीनच्या ट्रिपा लावून देत होती. एप्रिलमध्ये ग्वांगझूत भिंतींना घाम फुटतो, दुपारी आभाळ अचानक कोसळतं, तेव्हा टॅक्सी मिळत नाही, मेट्रोच धरायची, हे सगळं तिला पाठ होतं. ती स्वतः मात्र कधी गेली नव्हती.

यंदा सर म्हणाले, एप्रिलच्या ग्वांगझूच्या प्रदर्शनाला तुम्हीच जा. व्हिसा आला. तिने शारजातल्या रोल्ला बाजारातून हलका रेनकोट घेतला, न घसरणारे बूट घेतले. घरी लेकीने, शर्वाणीने विचारलं, "मॉम, आर यू नर्व्हस?" संध्या हसून म्हणाली, जरासुद्धा नाही.

निघायला सहा दिवस असताना सरांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा जावई सिद्धार्थ पुण्याहून येऊन नुकताच धंद्यात उतरला होता.

"तो जाईल. तुमचं पुढच्या वेळी, इन्शाल्ला," फोनवरची नजर न काढता ते म्हणाले. "त्याला सगळं नीट समजावून द्या."

तिने तासभर समजावलं. सिद्धार्थ मेसेज टाइप करत ऐकत होता. छत्री त्याने नेली नाही. फोनमधला नेहमीचा नकाशा तिकडे चालत नाही म्हणून सांगितलेलं ॲपही घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पाऊस धो धो पडत होता, एकही टॅक्सी थांबत नव्हती, फॅक्टरीवाल्याशी मीटिंग तासाभरात होती. संध्याने समोर काय दिसतंय ते विचारलं, जवळच्या मेट्रो स्टेशनात त्याला उतरवलं, गाडी कुठे बदलायची, कोणत्या दाराने बाहेर पडायचं, सांगत राहिली. तो वेळेवर पोचला. मोठी ऑर्डर झाली.

परतल्यावर सरांनी पेढे वाटले. सिद्धार्थने सगळ्यांना सांगितलं, तिकडे फिरणं एकदम सोपं आहे, लोक उगाच बाऊ करतात. सर म्हणाले, ऑक्टोबरच्या प्रदर्शनालाही यालाच पाठवू, आता अनुभव आहे.

"अनुभव माझा होता, सर," संध्या म्हणाली.

सरांनी पेढ्यांचा बॉक्स तिच्यापुढे धरला. "घ्या ना."

नवऱ्याची नोकरी वर्षापूर्वी गेली होती. घरातल्या तिघांचा इथला व्हिसा तिच्याच नोकरीवर होता. तिने पेढा घेतला.

दुपारी सिद्धार्थचा मेल आला: ऑक्टोबरची हवा कशी असते? तिने लिहिलं, ऊन असतं, पाऊस कमी, संध्याकाळी नदीकाठी छान वारा सुटतो. 'छान' खोडून तिने मेल पाठवला.