भुवयांमधला थेंब

माहेरी तिला सगळे ‘ठिणगी’ म्हणत. थोरल्या भावाने ठेवलेले हे नाव तिने लग्नापर्यंत इमानाने सार्थ केले होते. योगवर्गातली मंडळी मात्र तिला ‘शांताई’ म्हणत, आणि या दुसऱ्या नावाचे ओझे ठिणगीला दिवसेंदिवस जड होत चालले होते.

योग शिकवणाऱ्या बाईविषयी लोकांनी काही गोष्टी आधीच ठरवून टाकलेल्या असतात. तिला गोड आवडत नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत, आणि राग तर तिच्या वाटेलाही जात नाही. एकदा ती रस्त्यात शिंकली, तेव्हा तिच्याच वर्गात येणाऱ्या, औषधांचे दुकान चालवणाऱ्या वहिनींनी आदराने विचारले होते, “ही पण एखादी क्रियाच का हो, ताई?”

“सर्दी आहे,” असे सांगायचे तिच्या ओठांवर आले होते. पण समोरच्या डोळ्यांतला विश्वास पाहून तिने नुसते स्मित केले. तिथेच तिचे चुकत असे.

वर्गाची खोली तळमजल्यावर होती. बँकेतून निवृत्त झालेले साहेब बरोबर वर राहत आणि रोज सकाळी खाली वर्गाला येत. त्यांच्या न्हाणीघराखालच्या छताला ओल धरली, तेव्हा ती वर जाऊन अगदी मऊ शब्दांत म्हणाली, “साहेब, छत ओलं होतंय. एकदा नळवाल्याला दाखवता का?”

“अहो ताई, जराशी ओल ती!” साहेब प्रसन्नपणे हसले. “तुम्हीच तर सांगता, जे आहे ते स्वीकारा. तुमच्या आधीचा भाडेकरू भलता भांडकुदळ. त्याच्या तोंडाला घाबरून मी दोनदा गवंडी आणला. तुमचं कसं, रागाचं नाव नाही!”

ती जिना उतरली. त्या दिवशी घरी भांडी अशी आपटली गेली की नवऱ्याने स्वयंपाकघरात डोकावून विचारले, “भांड्यांनी तुझं काय घोडं मारलंय? त्या साहेबांना चार शब्द सुनाव ना!”

“आणि उद्या वर्गाला कोण येईल? लोक माझ्याकडे शांतता शिकायला येतात.”

“मग मीही येतो,” नवरा म्हणाला. “घरात तर ती मिळत नाही.”

पुढे ओलीचा थेंब झाला. पहिला थेंब पडला तो शवासनात निजलेल्या वहिनींच्या कपाळावर. ती माफी मागायला धावली, पण वहिनी डोळे न उघडताच पुटपुटल्या, “किती बारीक विचार असतो हो तुमचा! बरोबर भुवयांच्या मधोमध!” खरे सांगायचे तर साहेबांचे नाव घ्यावे लागले असते, आणि एकदा ते नाव तोंडात आले की मागोमाग काय काय बाहेर पडेल याचा तिला भरवसा नव्हता. ती गप्प बसली.

त्या मौनाने घात केला. आठवड्याभरात थेंबाखालच्या जागेसाठी चुरस लागली. कोणाची अर्धशिशी थांबली, कोणाला झोप लागू लागली. ती मात्र सूचना देता देता वर पाहत राही. गिलावा फुगत चालला होता. आज नक्की सांगायचे, असे ती रोज ठरवी आणि रोज ‘शांताई’ अशी हाक ऐकून विरघळे.

साहेब नेहमी उशिरा येत, त्यामुळे ती जागा त्यांच्या वाट्याला येत नसे. शेवटी एके दिवशी ते सगळ्यांच्या आधी आले आणि थेंबाखाली ऐसपैस पसरले. शवासन सुरू झाले. थोड्या वेळाने थेंबाची बारीक धार झाली.

“वा!” साहेब डोळे मिटून म्हणाले. “ताई, आज कोमट! आणि सुगंधही घातलाय की!”

त्याच क्षणी गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा सुटला आणि साहेबांच्या कानाशेजारी आदळून फुटला.

मग ठिणगी पडली.

“उठा आधी तिथून!” ती कडाडली. “सुगंध कसला घालतेय मी? तुमच्या घरचा साबण आहे तो! वर तुमच्या बायकोची अंघोळ चाललीय! महिनाभर मऊ बोलले तर हा माणूस मलाच स्वीकार शिकवतो! डोकं फुटलं असतं ना आत्ता! आणि तुम्ही सगळे! गळक्या छताखाली निजायला भांडता? अकला गहाण टाकल्यात का?”

साहेबांनी हळूच कपाळ पुसले, बोटे हुंगली, आणि त्यांचा चेहरा पडला. साबण ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी असणार, अशी मनाची तयारी करूनच ती आली. वर हातोडी चालू होती. आत चटया नेहमीसारख्या अंथरलेल्या होत्या. फक्त सगळ्या पलीकडच्या भिंतीकडे सरकल्या होत्या.

“काल रागावले मी,” ती दारातच म्हणाली. “मला राग येतो. सर्दीही होते.”

“ते आमच्या दुकानापर्यंत ऐकू आलं असेल,” वहिनी म्हणाल्या. “पण ताई, आवाज काय पोटातून काढता हो! तो कधी शिकवणार?”

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यात मोटार चालवायला शिकवणारे मास्तर काखेत चटई धरून दाराशी घुटमळू लागले. त्यांचा ओरडण्याचा आवाज सगळ्या रस्त्याला परिचित होता.

“दिवसभर शिकाऊ लोकांवर खेकसून मान आखडते,” ते संकोचाने म्हणाले. “बायको कधीची मागे लागलीय. पण म्हटलं, इथे शांत माणसंच घेत असतील. काल भिंतीतून तुमचं ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. घ्याल का आम्हाला?”

“या, मास्तर,” ती हसून म्हणाली. “माझ्या शेजारीच बसा.”

वर्ग सुरू झाला. शवासनात वरची हातोडी धाडधाड वाजतच राहिली. कोपऱ्यातून साहेबांचा नरमलेला आवाज आला, “ताई, या ठोक्यांचा काही विशेष लाभ?”

“आहे ना, साहेब,” ती म्हणाली. “छत कोरडं राहतं. आता तोंड मिटा आणि श्वास सोडा.”