पुढच्या चाकाची थरथर

"ब्रेकला काय नाय झालं, बाबा. तुमचे हात थरथरतात," धीरजने सायकल भिंतीला टेकवली आणि तो बोईसरला कामावर निघाला. रविवारी ती विकून टाकू, हे जाता जाता सांगायलाही तो विसरला नाही.

नरहरीचं पित्त खवळलं. समुद्रावर जाणं सुटल्यापासून सुक्या मासळीची टोपली मागे बांधून तारापूरच्या आसपास फिरणं, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. सायकल गेली की आयुष्यभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची! पण पुढचा ब्रेक दाबला की हँडल थडथडायचं, हे तर खरंच होतं. मग खोट हातात की ब्रेकमध्ये? एकदा कळायलाच हवं होतं.

त्याने सायकल उलटी करून चाक फिरवलं. चाक सरळ फिरलं. मग ती उभी केली, ब्रेक दाबून पुढेमागे हिसकली. कुठे काही ढिलं नव्हतं. ब्रेकची रबरं तर नुकतीच बदललेली.

"मग दुखतंय कुठं तुला?" त्याने चाकालाच विचारलं.

शेवटी रिमच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा घसरला, अडला, पुन्हा घसरला. वास घेतला, तर खोबरेल!

खाऱ्या हवेत लोखंड गंजतं म्हणून साखरबाई रोज तेलाच्या फडक्याने सायकल पुसायची. नवऱ्यापेक्षा सायकलीचे लाड जास्त, असं तो चिडवायचा. तेल लागलं होतं तिथे रबर घसरत होतं, कोरडं होतं तिथे धरत होतं. थरथर त्या तेलामुळेच होती.

त्याने साबणाच्या गरम पाण्याने रिम धुतली, रबरं पॉलिश पेपरने घासली आणि उतारावर जाऊन ब्रेक दाबला. सायकल अलगद थांबली. नरहरीला इतका आनंद झाला की तो एकटाच हसत घरी आला.

"अगो, तुज्या तेलानं घात केला! रिमला कशाला लावलंस?"

साखरबाई ओट्याच्या पायरीवर बसली होती. ती चपापली. "रिमला? इतकी वरसं पुसते, कदी लागलंय? मी फकत दांड्या पुसते."

कधीच लागलं नव्हतं, हे खरं होतं. नरहरीने तिच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

"फडकं द्या इकडं. नीट पुसते."

त्याने फडकं तिच्यासमोर धरलं. साखरबाई पायरीवर हाताने चाचपडत राहिली.

"अवो, कुठं ठेवलंय?"