दबलेला आवाज

“दबलेला वाटतोय,” धाकटा म्हणाला, आणि ताईने हातातला सोल्डरिंग आयर्न स्टँडवर नीट ठेवून दिला. तापलेली वस्तू हातात असताना या भावाशी बोलायचं नाही, असं तिने अलीकडे ठरवूनच टाकलं होतं.

“काय दबलेला? कुठे दबलेला?”

“आवाज गं. उशीखाली ठेवून वाजवल्यासारखा.”

मागच्या वेळी रजई होती, त्याआधी गादी. तू गिटार वाजवतोस की अंथरुणं विकतोस ते एकदा ठरव, असं ताईने सुनावलं. एरवी यावर तो खो खो हसला असता. आज नुसता पेडलचा डबा तिच्यासमोर सरकवून स्टुलावर बसून राहिला.

ताई गिटारची पेडलं बनवायची. गिटार आणि अँप्लिफायरच्या मधे जोडायचा आणि पायाने दाबायचा तो पत्र्याचा डबा. दाबला की गिटारचा गुळगुळीत सूर जरा फाटतो, खरखरतो, अंगात वारं शिरल्यासारखा उसळतो. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं, त्यावर भिंगाचा दिवा, भिंतीला बोटभर उंचीचे खण आणि खणाखणांत तांदळाएवढाले पार्ट. कोपऱ्यात एक जुना अँप होता. तिचा नवरा शिंपी. शेजारच्या खोलीत त्याचं मशीन चालायचं, आणि शिवून झालेले पडदे तो बिनदिक्कत अँपवर आणून टाकायचा. त्यावरूनही भांडणं व्हायची, पण ती सुखाची भांडणं होती.

तिने बनवलेलं पहिलं पेडल धाकट्यासाठीच होतं. त्याच्या बँडला लोक ओळखायचे ते त्या आवाजामुळे. गाणं सुरू झालं, त्याने पाय दाबला, की पाठमोरी माणसंसुद्धा वळून बघायची. आता बँडचं पहिलं रेकॉर्डिंग तोंडावर आलेलं, आणि याने गेले कित्येक आठवडे दबलेला-दबलेला म्हणून तिचं डोकं उठवलेलं.

आधी तिने डायोड बदलले होते. डायोड म्हणजे या डब्यातला न्हावी. तारेची लाट फार वर गेली की तिचा शेंडा छाटायचा, हे त्याचं काम, आणि शेंडा छाटला जातो म्हणूनच तर सूर फाटतो. जर्मेनियमचा डायोड लवकर पण हलक्या हाताने कात्री लावतो. सिलिकॉनचा जरा थांबतो आणि मग सरसकट मशीन फिरवतो. एलईडी लावला तर तो लाटेला भरपूर वाढू देतो, त्यामुळे आवाज मोठा आणि मोकळा येतो. धाकट्याचं तिन्ही न्हाव्यांपुढे डोकं वाकवून झालं. पहिला झोपाळू निघाला, दुसरा बरा पण दबलेला, आणि तिसरा म्हणे मोठ्याने दबलेला.

“मोठ्याने दबलेला म्हणजे काय रे?” ताई कडाडली होती. “जोरात गप्प बसल्यासारखं?”

मग तिने आतली चिप बदलली. मग टोनचा कपॅसिटर. हा इवलासा पार्ट वरचे, धारदार सूर किती पुढे सोडायचे ते ठरवतो. त्याची क्षमता जितकी कमी तितकी सुराला धार जास्त. तिने तो निम्म्यावर आणला, तेव्हा धाकटा जरा खुलला. आणखी निम्म्यावर आणला, तेव्हा तो म्हणाला, “हां, आता उघडतोय!” आणि शेजारच्या खोलीत शिवणयंत्र थांबलं.

“अगं, कोणाचा गळा कापताय?” शिंपी दारात येऊन म्हणाला.

“दाजी, तुम्हाला नाही कळायचं,” धाकटा म्हणाला.

“कळायचं नाही, पण टोचतंय ना.”

ताईलाही टोचत होतं. इतकी धार सोडली की तिच्यासोबत सगळी खरखरही बाहेर येते. काहीही वाजत नसताना अँपमधून नुसतं सूंऽऽ चाललेलं. तिने ते त्याला म्हटलं, तर हा शहाणा विचारतो, “कसलं सूं?” झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला जागं करण्यात काही अर्थ नसतो, म्हणून ताईने विषय सोडून दिला होता.

तो सुटला तेव्हा बँडमधल्या ड्रमरने धरला. त्याचा फोन आला.

“ताई, तू काय बसवलंयस त्याच्या डब्यात? कानात सुई घातल्यासारखं होतं. सांगितलं की चिडतो, म्हणतो तुमचेच कान बिघडलेत. कालच्या तालमीत गाणारीने अर्ध्यावर माइक ठेवला आणि निघून गेली.”

“अरे, त्याला तसंच हवंय.”

“मग आम्हाला दुसरा कोणीतरी बघावा लागेल. रेकॉर्डिंगच्या आत हा आवाज सुधारला नाही तर बाकीचे ऐकणार नाहीत. आणि हे त्याच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून तुला सांगतोय.”

ताई कात्रीत सापडली. इकडे भाऊ म्हणतोय दबलेला, तिकडे सगळं जग म्हणतंय टोचरा, आणि दोघांच्या मधे ही बाई तांदळाएवढे पार्ट काढतेय आणि बसवतेय. बँड गेला तर धाकट्याकडे उरत काहीच नव्हतं. शाळा त्याने गिटारपायी सोडली, नोकऱ्या गिटारपायी टिकल्या नाहीत, आणि लग्न ठरता ठरता मोडलं तेही गिटारपायीच. हा आवाज म्हणजेच तो होता. म्हणून तर तिला त्याचा जास्त संताप यायचा.

शेवटी तिने सरळ मार्ग धरला. मूळ पेडलमधला एकही पार्ट तिने कधी फेकला नव्हता. औषधाच्या रिकाम्या बाटलीत सगळे जपून ठेवलेले. तिने ते एकेक करून परत जागेवर बसवले. तोच डायोड, तीच चिप, तोच कपॅसिटर, वायरीसुद्धा त्याच. ज्या आवाजावर लोक वळून बघायचे तोच आवाज, जसाच्या तसा. तिने स्वतः दोन तारा छेडून पाहिल्या आणि तिचे डोळे भरून आले, इतका तो ओळखीचा होता. शिंपीही आतून ओरडला, “आला का परत? बरं झालं!”

आणि आज हा राजा स्टुलावर बसून, तेच पेडल ऐकून, उशी म्हणत होता.

“हे बघ,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता दबलेला नव्हता. “हे तेच पेडल आहे. तेच! एक पार्ट इकडचा तिकडे नाही. तुझ्या डोक्यात भुसा भरलाय, पेडलमध्ये काही नाही!”

“मला ऐकू येतंय ते मी सांगतोय.”

“मला मशीनवर दिसतंय ते मी सांगतेय. थांब, दाखवतेच तुला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस.”

तिने कपाटावरून सिग्नल जनरेटर ओढून काढला, त्यावरची धूळ पदरानेच पुसली. हे यंत्र एकच साधा सूर काढतं, हवा तितका खालचा, हवा तितका वरचा. तो सूर पेडलमधून सोडायचा, टेबलावरच्या छोट्या स्पीकरला जोडायचा, आणि ऑसिलोस्कोपच्या छोट्या पडद्यावर त्याची लाट बघायची. कोणता सूर पेडल अडवतं आणि कोणता सोडतं ते रेषेत दिसतं. मग ना उशी, ना रजई. ताईने वायरी अशा खुपसल्या जणू यंत्राने तिचं काही वाईट केलं होतं.

“बघ. हा खालचा सूर. ऐकू येतोय?”

“येतोय.”

“हा मधला. हा त्याच्या वरचा.” ती बटण फिरवत गेली. पडद्यावरची लाट दाट होत गेली, पण उंची होती तितकीच राहिली. “बघितलंस? कुठे दबली? आता आणखी वर नेते.”

तिने बटण फिरवलं. स्पीकरमधून शिट्टी निघाली, सरळ, तीक्ष्ण, दातांत कळ जाईल अशी. ताईने नाक मुरडलं. पलीकडे मशीन थांबलं.

“अगं, बंद कर ती शिट्टी!” शिंपी ओरडला. “सुई बोटात गेली माझ्या!”

धाकटा पडद्याकडे बघत होता. मान जरा पुढे, अगदी शहाण्या मुलासारखा वाट बघत.

“कर ना सुरू,” तो म्हणाला. “थांबलीस कशाला?”

ताईचा हात बटणावर तसाच राहिला.

शिट्टी चालूच होती. शिंपी बोट चोखत दारात आला आणि ताईचा चेहरा बघून तिथेच थांबला. धाकट्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग स्पीकरकडे. त्याने हात पुढे करून स्पीकरच्या कागदी पडद्यावर बोट टेकवलं. ते थरथरत होतं. कितीतरी वेळ त्याने ते तसंच टेकवून ठेवलं.

“वाजतोय,” तो म्हणाला.

ताईने बटण बंद केलं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय माहीत. तालीम झाली की कानात गुणगुण राहायची, सकाळपर्यंत जायची. मग ती जाईनाशी झाली.” तो बोट पँटला पुसत राहिला, जणू काही लागलं होतं. “पक्षी कमी झालेत असं वाटायचं मला. आपल्या गल्लीतले.”

“अरे मूर्खा!” ताईला रडू येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. “कानात गुणगुण होते तर माणूस कानाच्या डॉक्टरकडे जातो! सोल्डरिंग करणाऱ्या बाईकडे येतो का? मी इथे तुझ्यासाठी डायोड बदलतेय, चिप बदलतेय, घरादाराचे कान फाडतेय…”

“कपॅसिटर बदलता येतो ना, ताई,” धाकटा म्हणाला. “म्हणून तुझ्याकडे येत होतो.”

ताई जनरेटरच्या वायरी एकेक करून काढू लागली. शिंप्याने अँपवरचे पडदे उचलून खाली ठेवले आणि तिथेच अँपवर बसला.

डॉक्टरकडे ताई त्याला दंडाला धरून घेऊन गेली. वरचे सूर गेले ते परत येणार नाहीत, उरलेले जपा, एवढंच तिथे कळलं. कानात घालायचे बोळे मिळाले. ड्रमरला धाकट्याने स्वतःच सांगितलं, ताईने सांगू का विचारलं तर तिच्यावर खेकसून. ड्रमर म्हणाला, “आधी आवाज ऐकू दे. बाकीच्यांना मी बघतो.”

ड्रमर यायच्या आधी ताई पुन्हा पेडल उघडून बसली. टोनच्या बटणापाशी तिने एक रेझिस्टर जोडला. आता बटण शेवटापर्यंत फिरवलं तरी धार एका हद्दीपलीकडे जाणार नव्हती. ती हद्द तिने आपल्या कानाने ठरवली, आणि नंतर शिंप्याच्या.

“हे कशाला?” धाकट्याने विचारलं.

“तुझ्या हाताला आवर घालायला. तुला कमी वाटेल, तू वाढवत जाशील, आणि समोरचे कान धरून पळतील.”

“न सांगता बसवलं असतंस तरी मला कळलं नसतं.”

“म्हणून तर सांगून बसवतेय,” ताई म्हणाली. “आणि तोंड वाकडं करू नकोस, दिव्यासमोरून सरक.”

ड्रमर आला, स्टूल ओढून भिंतीला टेकून बसला. धाकट्याने कानात बोळे घातले, गिटार मांडीवर घेतली, तारा छेडल्या आणि पाय दाबला.

सूर फाटला, खरखरला, उसळला. ड्रमरने डोळे मिटले आणि त्याचे हात आपोआप गुडघ्यांवर ठेका धरू लागले. “आला रे आला!” तो ओरडला. “हाच तो! कुठे गेला होता इतके दिवस?” शेजारच्या खोलीत शिवणयंत्र न थांबता चालत राहिलं.

धाकट्याने वाजवणं थांबवलं नाही, पण तो ड्रमरकडे बघत नव्हता. तो ताईकडे बघत होता.

“कसा आहे?” त्याने विचारलं.

आजवर त्याने हा प्रश्न कधी कोणाला विचारला नव्हता. आवाज कसा आहे हे तोच जगाला सांगायचा आणि जगाने ते ऐकायचं, अशीच रीत होती.

“तुझाच आहे,” ती म्हणाली. तिचं बोलणं त्याला नीट पोचेल का, या शंकेने तिने मानही हलवली.

त्याने पुढचा सूर घेतला. ओठ हलले, थांबले. तो कोणता शब्द गिळतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. याच शब्दापायी तिने गेले कित्येक आठवडे दात-ओठ खाल्ले होते, आणि आता तो असा गिळला जातोय हे तिला बघवेना.

“बोल ना,” ताई म्हणाली. “बोलून टाक.”

“दबलेला वाटतोय,” धाकटा म्हणाला.

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “वाजव तू.”

तिने सोल्डरिंग आयर्न बंद केला आणि त्याच्या समोर बसून राहिली.