ताडपत्रीखाली सात वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी इंग्लिश मोटार आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची. इंग्लंडात मॉल्व्हर्नच्या टेकड्यांच्या पायथ्याशी माझा जन्म झाला. आजच्या डबेवजा गाड्यांसारखी मी साच्यातून पडले नाही. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची माझी चौकट ईनक पार्डो नावाच्या सुताराने रंध्याने तासली, वर पत्रा ठोकला आणि दाराच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीने आपले नाव लिहिले.

पहिला मालक डॉक्टर. टेकडी चढण्याच्या शर्यतीत त्याने मला पळवले. मी भल्याभल्यांना धूळ चारली, हे मीच सांगते. दुसरे कोण सांगणार? पुढे म्हाताऱ्या ईनकनेच मला विकत घेतले. पावसातून आलो की तो माझी दारे उघडी टाकून वाऱ्यावर ठेवी.

मग त्याचे गुडघे गेले. त्याची लेक डॉर्कस मायाळू, पण अक्कल बेताची. तिने मला गळक्या शेडमध्ये ताडपत्रीत गुंडाळून दोरीने करकचून बांधले. सात वर्षे मी आतल्या आत घामेजले, कुजले.

ईनकला पंचाऐंशीवे लागले तेव्हा त्याने एकच हट्ट धरला : एकदा हिच्यातून टेकडीवर जायचे. डॉर्कसने दोऱ्या सोडल्या, दार ओढले. ते तिच्या हातातच आले. ईनकने चौकटीत बोट खुपसले. ओल्या केकमध्ये जावे तसे ते आत गेले.

"डॉर्कस, हिला झाकलीस की पुरलीस गं?"

"पाऊस लागू नये म्हणून केलं हो, बाबा!"

"पावसानं कुठं मरते ती! तिला वारा लागतो. माझ्या हाताखाली वाढलीस, आणि एवढं कळू नये?"

डॉर्कस रडू लागली, तसा तो वरमला. "रडतेस काय, वेडे? चहा आण. आणि मला आत बसव."

"इंजिन चालू करू?"

"नको. हादऱ्यानं मोडेल ती."

स्टिअरिंगवर हात ठेवून तो शेडच्या दारातून टेकडीकडे बघत बसला. चहा तसाच निवला. आम्ही तसूभरही हललो नाही. तीच आमची शेवटची फेरी. पाने गळायच्या आत ईनक गेला.

आता डॉर्कस रोज सकाळी शेडचे दार सताड उघडते. उशीरच झाला म्हणा. मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला नुसते झाकून ठेवू नका. अधूनमधून उघडून बघा. माझ्या निखळलेल्या दारावरचे ईनकचे नाव अजून वाचता येते. पण त्याच्याखालचे लाकूड रोज थोडे थोडे झडते आहे.