सावाआजोबांची निळी खिडकी

मी कॅमेरा बोलतोय. पण लगेच केस सारखे करून हसत उभे राहू नका. तुमचं हसू मला दिसत नाही. डोळ्यांचा रंग, नवा स्वेटर, कपाळावरची आठी, यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. मला दिसते ती फक्त ऊब. जे गरम ते माझ्या पडद्यावर लाल-पिवळं उमटतं, जे गार ते निळं. एवढ्या दोन-चार रंगांत मी सगळं जग पाहिलं. कपडे, चेहरे असलं जे पुढे सांगेन, ते माणसांच्या तोंडून ऐकलेलं.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते आता नीट आठवत नाही. आठवतो तो माझा पहिला मालक, वीज कंपनीचा. विजेच्या खांबांवर तारांचे सांधे तापले की ते शोधणं हे माझं काम. वर्षानुवर्षं मी खांबच पाहिले. खांबाला ना घर, ना दार. मग माझ्याहून हुशार यंत्र आलं आणि मला लोखंडी कपाटात ठेवून दिलं. कपाट बंद झालं की आत सगळं एकाच रंगाचं. मी तिथे किती हिवाळे काढले देव जाणे.

तिथून मला सोडवलं नेवेनाने.

नेवेना आमच्या कामेन्दोल गावच्या वाचनालयाची बाई. वाचनालय म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत. तिथेच नाच शिकवतात, तिथेच लग्नाची गाणी बसवतात, तिथेच गावाची भांडणंही होतात. नेवेना पंचेचाळिशीची, बुटकी, आणि हाती घेतलेलं काम सोडेल तर शपथ. विजेची बिलं पाहून गाव कण्हायला लागलं, तशी तिच्या डोक्यात कल्पना आली. हिवाळ्याच्या तोंडाला एक हिरवा आठवडा करायचा. एक दिवस जुने कपडे रफू करायचे, एक दिवस मोडकी यंत्रं दुरुस्त करायची, एक दिवस सगळ्या गल्लीने मिळून एकाच चुलीवर घेवड्याचं सूप रांधायचं. आणि शेवटच्या संध्याकाळी ऊबफेरी. घराघरासमोर उभं राहून बघायचं, कुणाची ऊब कुठून पळून जाते ते. त्यासाठी तिने मला मागून आणलं.

मला तर हर्षच झाला. खांब सुटले, माणसांची घरं आली!

फेरीत मला एक गोष्ट कळली. स्वतःच्या घराची भेग कुणाला बघवत नाही, पण शेजाऱ्याची भेग बघायला लोक टाचा उंचावतात. पडद्यावर एखाद्याच्या खिडकीची चौकट लालभडक दिसली की बाकीच्यांना कोण आनंद! “अगं बाई, हे तर अंगणालाच शेकोटी देतायत!” असं म्हणत सगळी हसायची, आणि पुढचं घर आपलं निघालं की गप्प व्हायची.

सगळ्यांत मोठा आवाज गेंचोचा. गेंचो गावचा खाटीक. आडवातिडवा गडी. त्याने त्याच उन्हाळ्यात नव्या खिडक्या बसवून घेतल्या होत्या. ज्या घराची ऊब सगळ्यांत कमी पळते, त्याला बिहीच्या मुरंब्याची बरणी आणि गोल पाव असं बक्षीस होतं. गेंचो सकाळपासून सांगत सुटला होता, “पाव जरा मोठा भाजा, आमच्या घरात पाच तोंडं आहेत.”

नेवेनाने मला त्याच्या घरावर रोखलं. खिडक्या निळ्या होत्या, ठीक होत्या. पण त्यांच्याखालची भिंत, जिच्यामागे हीटर होता, ती अंगारासारखी पेटलेली.

“यंत्र बिघडलंय,” गेंचो म्हणाला.

“यंत्र नाही, भिंत बिघडलीय,” कुणीतरी मागून म्हणालं.

“खिडक्यांना एवढे ओतले आणि ऊब भिंतीतून पळते? ही ऊब आहे की माझी सासू, एक वाट बंद केली की दुसरी शोधणारी?” गेंचो ओरडला.

लोक खो खो हसले. फेरी पुढे सरकली.

गल्लीच्या टोकाला चिंचोळी दुमजली इमारत होती. खाली बंद दुकान, वर सावाआजोबांचं घर. सावाआजोबा एके काळी गावच्या बँडमध्ये तुतारी वाजवायचे. ताठ माणूस. पाव आणायला जातानासुद्धा टोपी घालून जाणार. नेवेनाने मला वर रोखलं.

खिडकी निळी होती. चौकट निळी, भिंत निळी, छपराची कड निळी. कुठे लाल ठिपका नाही. इतकं बंदिस्त घर मी त्या संध्याकाळी दुसरं पाहिलं नव्हतं.

“जिंकले! आजोबा जिंकले!” टाळ्या पडल्या. गेंचोनेही वाजवल्या, तोंड वाकडं करून. “म्हाताऱ्याने आत अस्वल बांधलं असेल. चला, बघू तरी!”

इथे एक सांगायला हवं. काचेतून मला आरपार दिसत नाही. तुम्हाला काच म्हणजे काहीच नाही, मला ती भिंतच. त्या खिडकीमागे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. मीही त्या टाळ्यांत मनातून सामील होतो.

बरणी आणि पाव घेऊन सगळे जिना चढले. नेवेनाने दार ठोठावलं. बराच वेळ लागला. मग दार अर्धं उघडलं आणि आजोबा फटीत उभे राहिले. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर टोपी.

“कुठे बाहेर निघालात का, आजोबा?” कुणीतरी विचारलं.

“आत्ताच आलो,” ते म्हणाले.

“अभिनंदन! गावात सगळ्यांत पक्कं घर तुमचं. सांगा, खिडक्यांना काय केलंत?”

आजोबांनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा माणसांकडे. आणि मग मान वर करून म्हणाले, “करायचं काय त्यात? नीट लक्ष दिलं की झालं.”

पुन्हा टाळ्या. नेवेनाच्या एका हातात बक्षीस होतं, दुसऱ्या हातात मी. मी चालूच होतो. तिने बरणी पुढे केली तेव्हा माझा डोळा दाराच्या फटीतून आत गेला.

आत ऊब नव्हती. खोली जिन्यासारखीच निळी. कोपऱ्यातली लाकडं जाळायची शेगडी निळी, तिचं पत्र्याचं धुराडं निळं. पलंग निळा. बरणी घ्यायला पुढे आलेले हातसुद्धा बोटांपर्यंत निळे, जणू ते त्या माणसाचे नव्हतेच. आजोबांचा चेहरा सोडला तर एकच पिवळा ठिपका होता, कोटाच्या गळ्याशी. तिथून मांजरीचं डोकं बाहेर आलेलं होतं. त्या सगळ्या घरात तेवढीच एक शेगडी.

नेवेनाची नजर पडद्यावर गेली. तिची मूठ माझ्याभोवती आवळली.

मी मनात म्हणालो, आता ही ओरडेल. आता सगळ्यांना कळेल. माणसं कनवाळू असतात, पण त्यांची कणव फार मोठ्याने बोलते. आजोबांची मान अजून वरच होती. ती खाली जाताना मला बघायची नव्हती.

नेवेनाने अंगठ्याने माझा पडदा विझवला. मी आंधळा झालो, पण कान उघडे होते.

“आजोबा,” ती म्हणाली, “उद्या आमचा खिडक्यांच्या फटी बुजवायचा वर्ग आहे. वाचनालयात घेणार होते. पण जिंकलात तुम्ही, तर तो तुमच्याच घरी होईल. तुम्ही शिकवायचं.”

“मी?”

“मग काय गेंचो शिकवणार? दुपारी येतो आम्ही. आणि ऐका रे सगळे, गुरूकडे रिकाम्या हाताने यायचं नाही. प्रत्येकाने दोन दोन लाकडं आणायची.”

“ही कुठली पद्धत?” गेंचोने विचारलं.

“आजपासूनची.”

दुसऱ्या दिवशी गेंचो हातगाडी भरून लाकडं घेऊन आला. हरला होता ना, निदान लाकडांत तरी पहिला यायचं होतं त्याला. पाच-सहा बायका लोकरीच्या पट्ट्या, जुने कोट, सुया घेऊन आल्या. त्या छोट्याशा खोलीत एवढी माणसं पाहून मांजर कपाटावर चढली.

आजोबा पांढऱ्या शर्टात उभे होते. वरून कोट, पण शर्ट इस्त्रीचा. वर्ग घ्यायचा होता, आणि काय शिकवायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“आधी शेगडी पेटवा,” नेवेना सहज म्हणाली. “घर तापल्याशिवाय ऊब कुठून गळते ते कॅमेऱ्याला दिसायचं कसं?”

“मी पेटवतो!” गेंचो पुढे झाला. “खाटकाइतकी आग कुणाला कळते?” आणि आजोबा काही म्हणायच्या आत त्याने शेगडीचं दार उघडलं.

आत राख नव्हती. आत कोळ्याचं जाळं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दाट, जुनं, धुळीने जड झालेलं. गेंचो गुडघ्यांवर बसला होता, त्याच्या पाठीमुळे बाकी कुणाला ते दिसलं नाही. दिसलं फक्त त्याला, आणि बाजूला मला धरून उभ्या असलेल्या नेवेनाला.

गेंचोने जाळ्याकडे पाहिलं. मान वळवून आजोबांकडे पाहिलं. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. मानेची शीर तेवढी ताठ.

गावात गेंचोच्या पोटात तीळ भिजत नाही असं म्हणतात. कोण कुणाच्या अंगणात गेलं ते दुपारपर्यंत त्याच्या दुकानात मांसाबरोबर तोलून मिळतं. त्या गेंचोने शर्टाची बाही खाली ओढली, हात आत घातला, जाळं पुसून काढलं, आणि म्हणाला, “काडेपेटी कुणाकडे आहे?”

बस, एवढंच.

आग धरली. आधी धूर, मग ज्योत. नेवेनाने मला शेगडीवर रोखलं. लोखंड हळूहळू जांभळं झालं, मग लाल, मग पिवळं. धुराड्यातून रंग वर चढत गेला. मागची भिंत उजळली, जमीन उजळली, मांजरीचं कपाट उजळलं. मी इतकी वर्षं ऊब शोधतोय, पण घराला रंग चढताना तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

शेगडीपाशी एकच खुर्ची होती, विणलेल्या उशीची. गेंचो हात शेकत त्या खुर्चीवर टेकणार, तोच एका बाईने त्याची बाही ओढली. ती खुर्ची मारियेता आजींची. आजोबांची बायको. सदा थंडी वाजायची तिला, म्हणून आजोबा पहाटे उठून तिच्यासाठी शेगडी पेटवायचे. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. गेंचो अर्धवट वाकलेलाच राहिला, ना उभा ना बसलेला.

“बस, बस,” आजोबा म्हणाले. “ती असती तर तुला चहा दिल्याशिवाय सोडलं नसतं.” मग फडताळ उघडून म्हणाले, “चहा आहे. लिंडनच्या फुलांचा. पण कप पुरायचे नाहीत.”

कप पुरले नाहीतच. वाट्यांतून चहा झाला. मग मेणबत्ती घेऊन सगळे खिडक्यांशी गेले. ज्योत जिथे वाकेल तिथे वारा. आणि वारा कुठे नव्हता? प्रत्येक चौकटीत होता.

“पहिला नंबर आलेलं घर ना हे?” एक बाई गोंधळली.

“शिकवायला म्हणून आजोबांनी बुजवलेलं सगळं काढून ठेवलंय,” गेंचो खडसावून म्हणाला. “तू शिव, प्रश्न कमी विचार.”

संध्याकाळपर्यंत लोकरीच्या पट्ट्या बसल्या, दाराखालच्या फटीशी वाळूने भरलेला कापडी साप पडला. आजोबांनी कोट काढून खुंटीला लावला. सगळे गेल्यावर नेवेना मला पिशवीत ठेवत होती.

“तुला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“काल. दारातच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बक्षीस इतकं छान घेतलंत, आजोबा. मोडवेना.”

आजोबा हसले. मग म्हणाले, “एका माणसासाठी काय शेगडी पेटवायची, असं वाटायचं गं. तिच्यासाठी पेटवायची सवय. माझ्यासाठी कधी पेटवलीच नव्हती.”

“मग स्वतःसाठी नका पेटवू,” नेवेना म्हणाली. “दर गुरुवारी आम्ही येणार आहोत. आमच्यासाठी पेटवा.”

आणि खरंच, दर गुरुवारी सगळे जमू लागले. शिवण व्हायचं, लोणच्याच्या कोबीवरून वाद व्हायचे, गेंचो ओरडायचा. पुढच्या वर्षीच्या ऊबफेरीत आजोबा स्वतः मला धरून पुढे चालले. लाल घरांशी ते थांबत नसत. “यांना लोक सांगतीलच,” म्हणायचे. पूर्ण निळी खिडकी दिसली की मात्र जिना चढायचे आणि दार ठोठावायचे.

“बक्षीस द्यायला आलोय. आत येऊ का?”

कधी घर खरोखर पक्कं असायचं. कधी माणसं लेकीकडे परदेशी गेलेली असायची. आणि दोनदा, एकदा गिरणीमागे आणि एकदा चर्चच्या गल्लीत, दार उघडणाऱ्याच्या अंगात ओव्हरकोट होता. तिथे आजोबा आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता माझं वय झालंय. पडद्यावर एक काळी रेघ उभी राहिलीय, थंडीत बॅटरी टिकत नाही. वाचनालयाने नवा कॅमेरा घेतलाय, काडेपेटीएवढा, फोनला लावायचा. बरा आहे पोरगा, माझ्याहून बारीक बघतो. मी नाचाच्या पोशाखांच्या कपाटात असतो. मार्चमध्ये आजोबांनी माझ्या मुठीला वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा बांधलाय. झाडाला फुलं आली की तो सोडायचा असतो. त्यांनी सोडला नाही.

जाता जाता नव्याला आणि तुम्हाला एकच सांगतो. निळी खिडकी दोन तऱ्हेची असते. एकीत ऊब जपलेली असते, दुसरीत ऊबच नसते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. यंत्राला त्यातलं कळत नाही. तेवढं दार तुम्हीच ठोठावा.

गेल्या हिवाळ्यात नेवेनाने मला शेवटचं बाहेर नेलं, बहुधा प्रेमापोटी. फेरीनंतर ती आजोबांना घरी सोडायला गेली. त्यांना जिना आता एका दमात चढवत नाही. मध्येच थांबले, हातमोजा काढून भिंतीला हात टेकला, श्वास घेतला आणि वर गेले. दार लागलं.

नेवेनाने मला भिंतीवर रोखलं. गारठलेल्या निळ्या भिंतीवर पाच बोटं होती. पिवळी, स्पष्ट. हात गेला होता, त्याची ऊब अजून तिथे होती. माझी बॅटरी संपत आली होती, तरी तिने मला बंद करायची घाई केली नाही. ती बोटं एकेक करून विझेपर्यंत आम्ही दोघं जिन्यात उभे होतो.