रेणू कुठे ठेवायचा

सहाही मॉनिटरच्या गळ्यात झेंडूच्या माळा, दसऱ्याच्या, आता वाळलेल्या.

तळहातावर हिमोग्लोबिन गरगर फिरतंय.

आळेफाट्यावर टोमॅटोच्या गाड्यांची रांग. तिच्यात प्राचार्य हांडे सर अडकलेले.

काळा पडदा. खाली एक ओळ: फाइल सापडत नाही.

आता हे जोडून घ्या.

तळहात प्रांजलचा, त्यावर तिचा फोन. तळेघरची मुलगी, बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी. आळ्याजवळच्या या कॉलेजात शिकवायची जागा भरायची होती आणि आज तिचा नमुना तास. अकरावीच्या मुलांपुढे संगणकावर हिमोग्लोबिनचा रेणू फिरवायचा. जमलं तर नोकरी. नाही तर परत घरी, भाताच्या खाचरांत.

फोनवर रेणू दिसत होता, तिच्या लॅपटॉपवरही. लॅबच्या संगणकांवर मात्र काळोख. हांडे सर पोहोचायच्या आत कारण शोधायचं होतं.

लॅब सांभाळणारे संपतभाऊ म्हणाले, मशिनं जुनी आहेत, काल आलेल्या मॅडमनीपण शेवटी फळ्यावर चित्रच काढलं. प्रांजलने ऐकून घेतलं. तिला चित्र काढायचं नव्हतं.

ग्राफिक्स झेपत नसेल, म्हणून सेटिंग हलकं केलं. काळोख.

सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. काळोख.

फाइल कॉपी न करता पेनड्राइव्हवरूनच उघडली. लाल-निळा रेणू आला आणि फिरायला लागला.

म्हणजे मशीन चांगलं. सॉफ्टवेअर चांगलं. फाइल चांगली. जागा वाईट.

संपतभाऊंनी फाइल जिथे ठेवली होती तो फोल्डर तिने बघितला. नाव: ॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥. खंडेनवमीला मशिनांची पूजा करताना त्यांनी तो प्रत्येक संगणकावर केला होता. वहीच्या पहिल्या पानावर लिहितात, तसा. मुलांचं सगळं काम त्याच्यातच जायचं. बाकीचं सगळं चालत होतं, त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

तिने सांगितलं तसा संपतभाऊंचा चेहरा उतरला.

“म्हंजी देवामुळं बिघडलं व्हय?”

“देवामुळं नाय, भाऊ. सॉफ्टवेअर जुनं हाय. फाइलच्या रस्त्यात, म्हंजी फोल्डरच्या नावात, इंग्रजी सोडून दुसरं अक्षर आलं की त्याला पुढं जाताच येत नाय.”

“अडाणी हाय म्हणा की.”

“लई अडाणी.”

संपतभाऊ हसले, पण देवाचं नाव काढायला तयार नव्हते. तिनेही काढा म्हटलं नाही. शेजारी दुसरा फोल्डर केला, इंग्रजी अक्षरांत साधं नाव दिलं आणि फाइल तिकडे हलवली. पुढचं मशीन. संपतभाऊंनी बघून घेतलं आणि पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. मध्ये कुठेतरी दोघं भेटले.

हांडे सर आत आले तेव्हा सगळ्या पडद्यांवर हिमोग्लोबिन फिरत होतं. मुलं त्याला उलटं-पालटं करून ऑक्सिजन कुठे बसतो ते शोधत होती आणि कुणाला आधी सापडला यावरून भांडत होती. सर मागच्या बाकावर बसले. तास संपला. मग म्हणाले, सोमवारपासून या.

सकाळी तळेघरला एसटी आलीच नव्हती. घोडेगावपर्यंत प्रांजल दुधाच्या टेम्पोतून आली होती. सोमवारी एसटी नाही आली, तरी तो होताच.