आमिनाबाईची अनामत

मी भांडखोर मानूस आहो, हे आंधीच सांगून ठेवतो. अमरावतीत आमची फळगाड्यांची रांग हाय, नऊ गाड्यांची. रांगेत कोनाचं काही अडलं की लोक म्हनतात, "उत्तमरावले बोलवा." पावतीवाला जास्त मांगत असन, व्यापारी पेटीच्या तळाशी सडके संत्रे भरत असन, पुढं मीच. बँकेच्या भांडनातही मीच पुढं होतो. आजही कोनी त्याच्याबद्दल माही पाठ थोपटली तं माह्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सुरुवात केली माह्या पोट्टीनं. खुशी अकोल्याले कृषी विद्यापीठात शिकते, होस्टेलवर राह्यते. दिवाळीत घरी आली अन् सहज माहं पासबुक चाळत बसली.

"बाबा, हे दर महिन्याले पाचशे नव्वद कायचे कापले?"

"व्याज असन," मी म्हनलं.

"व्याज नाई हे. ओव्हरड्राफ्टचा दंड हाय. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे कमी पडले, बँकेनं स्वतःचे घालून हप्ता पुरा केला, अन् त्याचा दंड लावला. पाचशे दंड, वर नव्वद जीएसटी."

"कमी किती पडले होते?"

"ऐंशी रुपये."

ऐंशी रुपये! एका दिवसासाठी! बाप्पा, सावकार तरी मानसाचं तोंड पाहून व्याज लावते. पोट्टीनं बोटानं एक एक ओळ मोजली. चौदा महिने झाले होते. आठ हजार दोनशे साठ रुपये माह्या खात्यातून गेले अन् मले पत्ता नाई. खातं कमी दिसलं की मी बडबड करत वरून पैसे टाकत होतो, अन् समजत होतो का कर्ज असंच असते.

कर्ज गाड्यांचं होतं. जुन्या लाकडी गाड्या मोडल्या, तवा रांगेतल्या नवही जनांनी एका सहकारी बँकेतून नव्या लोखंडी गाड्या घेतल्या. बँकेचं नाव घेत नाई. हप्ता चोवीसशे, दर दहा तारखेले सकाळीच खात्यातून कटे. आमच्यासारख्याले एकदम चोवीसशे कुठून निघते? म्हनून रोजचे ऐंशी भरायचे. एखादा दिवस सनावारात, आजारपनात जाये, बाकी तीस दिवसाचं बरोबर गनित. ते ऐंशी रुपये घ्याले बँकेची एजंट येत होती, आमिनाबाई.

आमिनाबाई पस्तीस-चाळीसची. खांद्याले पर्स, हातात पावतीची लहान मशीन. नवरा अन्सार शिंपी, त्याची नजर गेली तवापासून घर हिच्यावर. एजंट व्हायले बँकेत पन्नास हजार अनामत ठेवा लागते. ती तिनं अन्सारच्या दोन शिलाई मशीनी अन् दुकानाची पगडी विकून ठेवली होती. हे तिनंच मले सांगतलं होतं, एका उन्हाळ्यात, माह्या गाडीच्या सावलीत बसून पानी पेता पेता.

ती रोज सकाळी साडेदहाले येत होती, कारन बँकेत तिले बारा वाजेलोक पैसे भरा लागत. अन् आमच्या रांगेत साडेदहाले बोहनी झालेली नसते. भाजीवाल्याची होते, दूधवाल्याची होते. फळं घ्याले गिऱ्हाईक दुपारून येते. अन् बोहनीच्या आंधी गल्ल्यातून पैसा बाहेर काडत नाई आमी. माह्या बापानं काडला नाई, मीही काडला नाई. मंग तिले म्हनायचं, "संध्याकाळी या बाई." ती बिचारी संध्याकाळी पुन्हा येई, नऊ गाड्या फिरे, अन् ते पैसे दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत जात. म्हनजे नऊ तारखेचे ऐंशी पोचत दहा तारखेच्या दुपारी. हप्ता तं सकाळीच कटून गेला राहे.

तिनं सांगतलं नाई असं नाई. दर नऊ तारखेले हात जोडे. "उत्तमभाऊ, आज एक दिवस तरी सकाळी द्या. उद्या हप्ता हाय, नाई तं दंड लागते."

अन् मी म्हनो, "तुह्या बँकेसाठी मी माही लक्ष्मी बाहेर काडू काय? चाल हट, बोहनी होऊ दे."

एकदा नाई, चांगलं दहा-बारा खेपा म्हनलं असन. दंड हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला होता. ध्यानात आलंच नाई म्हनलं तं ते खोटं होईन. मले वाटलं दोन-पाच रुपये असतीन. रांगेच्या टोकाले वच्छलाबाई बसते, सत्तरची म्हातारी. तिच्या नावचे ऐंशी आमिनाबाईनं कितीक खेपा पदरचे भरले. नऊ जनांचे भराले तिच्याजवळ कुठं होते?

खुशीनं नवही जनांचे अर्ज लिहून देल्ले. "बाबा, मांगाचं. आपले पैसे हायेत. मांगतल्याशिवाय कोनी देत नाई." मी अर्ज घेऊन बँकेत गेलो अन् काऊंटरवर असा ओरडलो का चहावाला पोट्टा कप घेऊन दारातच थांबला. "ऐंशीले पाचशे नव्वद! दरोडा घालून राहिले काय बे? टाय लावून दरोडा?" लोक पाहून राहिले होते. मले लय मजा आली, खोटं कायले बोलू.

तिसऱ्या खेपेले मॅनेजर शेखरसाहेबानं आत बोलावलं. पंखा वाढवला, चहा मांगवला. तवाच समजाले पाह्यजे होतं. फुकटचा चहा बँकेत कोनी पाजत नाई.

"उत्तमराव, दंड नियमानं लागला आहे. नियमाचा पैसा मी परत करू शकत नाही. पण चूक आमच्या माणसाची असेल तर करता येतो." त्यानं एक छापील कागद पुढं सरकवला. "एजंटनं सकाळी वसुली करून बारापर्यंत भरायची, असा नियम आहे. तुमच्याकडून ती संध्याकाळी पैसे नेते ना? बस, तेवढंच लिहा."

कागदावर लिहिलं होतं : एजंट आमच्याकडून रक्कम संध्याकाळी घेऊन जात, त्यामुळे भरणा दुसऱ्या दिवशी होत असे.

मी दोनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नोतं. संध्याकाळीच नेत होती. भरना दुसऱ्याच दिवशी होत होता. काहून, ते लिहाले कागदावर जागाच नोती.

"तिले काही होनार नाई ना?" मी इचारलं.

"फॉर्मॅलिटी आहे हो. थोडंफार समजवू तिला."

मानूस आतून जानून असते. मीही जानून होतो का बँक आपल्या खिशातून छदाम काडत नाई. पन चहा गोड होता, आठ हजार दोनशे साठ डोळ्यापुढं नाचत होते, अन् बाहेर आठ गाडीवाले माही वाट पाहून राहिले होते. मी सही केली. मंग बाहेर येऊन त्या आठ जनांच्याही सह्या मीच करवून घेतल्या. वच्छलाबाई तेवढी म्हने, "आमिनाले इचारलं काय रे?" मी म्हनलं, "तुम्ही अंगठा मारा माय, डोकं मले लावू द्या."

पंधरा दिवसात सगळ्यायच्या मोबाईलवर पैसे जमा झाल्याचे मेसेज आले. रांगेत किलोभर जिलेबी आली. लोकायनं मले हार घातला, गेंद्याचा. मी खुशीच्या मेसची थकलेली बाकी त्याच दिवशी भरून टाकली.

त्याच्यानंतर आमिनाबाई चार दिवस आली नाई. पाचव्या दिवशी आली ती बिना मशीनची. पर्समधून एक पत्र काडून तिनं माह्यापुढं ठेवलं. नवही जनांचा परतावा तिच्याकडून वसूल. सत्तर हजाराच्या वर रक्कम होती. अनामत जप्त, राह्यलेले पैसे थकलेल्या कमिशनातून, काम बंद. खुलासा करायचा असन तं सोमवारी अकोल्याले हेड ऑफिसात साक्षीदार घेऊन या.

"मी रोज सकाळी येत होती, एवढंच सांगाचं हाय भाऊ," ती म्हने. "रडनं नाई, भांडन नाई. तुमी फक्त म्हनायचं, ती सकाळी ये, आमी बोहनीच्या आंधी देत नोतो. एवढं एक वाक्य. तुमी बोलता तं लोक ऐकतात."

माह्या अंगाची लाही लाही झाली. शेखरसाहेबाच्या सात पिढ्या काडल्या मी तिथंच. "चोर सोडून संन्याशाले फाशी! येतो मी बाई. काहून नाई येनार? टेबल उलटं करतो त्याचं."

सोमवारी आमी बसनं अकोल्याले गेलो. तिनं डब्यात भाकर अन् मिरचीचा ठेचा आनला होता, अर्धी मले देल्ली. रस्ताभर मी काय काय बोलनार ते तिले सांगत होतो. ती मान हालवत होती. एकदा हसलीही.

हेड ऑफिसात रागिणी मॅडम म्हनून एक अधिकारी होत्या. आवाज चढवत नोत्या, नीट बोलत होत्या. त्यायनं फाईल उघडली अन् मले इचारलं, "उत्तमराव, एकच गोष्ट सांगा. या बाई सकाळी तुमच्याकडे येत होत्या का? आणि तुम्ही पैसे द्यायला नाही म्हणत होता का?"

मी तोंड उघडलं.

"थांबा," मॅडम म्हनल्या. "आधी ऐकून घ्या. येत होत्या असं तुम्ही लिहून दिलंत, तर चूक एजंटची नाही. यांची अनामत आज मोकळी होईल, काम परत मिळेल. पण मग दंड बरोबर लागला होता असं होईल. परत दिलेली रक्कम नऊही खात्यांतून आम्हाला पुन्हा कापावी लागेल."

"अन् बँक?" मी म्हनलं. "बँक काहून नाई भरत? ऐंशीले पाचशे नव्वद हा नियम कोनी केला? त्याच्यावर कोनी सही केली, त्याले बोलवा ना इथं!"

"तो संचालक मंडळाचा निर्णय आहे. आजचा विषय तो नाही." त्यायनं पेनाचं टोपन काडलं. "रक्कम कोणाच्या तरी खात्यातून जाणारच, उत्तमराव. तुमच्या, नाही तर यांच्या. सांगा, येत होत्या का सकाळी?"

सांगाले काय लागत होतं? व्हय. एक शब्द. आमिनाबाई माह्याकडं पाहतही नोती, पदर सारखा करून समोर बसली होती, जसं काही काम झालंच. अन् माह्या डोक्यात काय आलं सांगू? खुशीची मेस आली. जिलेबी आली, हार आला. आठ गाडीवाले आले, एकाएकाच्या खात्यातून आठ हजार कटलेले, अन् ते सगळे माह्या गाडीपुढं उभे. उत्तमरावनं आनून देल्ले, उत्तमरावनंच वापस नेले. रांगेत मंग माही काय इज्जत राह्यली असती? इज्जत! लेकाची इज्जत.

"मॅडम," मी म्हनलं, "चौदा महिन्याची गोठ हाय. मले नीट याद नाई."

साऱ्या शहरात ज्याच्या आवाजानं काऊंटर हालते त्या मानसाचा आवाज एवढासा निंघाला. मॅडमनं दोन पळ माह्याकडं पाह्यलं अन् फाईलवर काहीतरी लिहिलं. त्यायलेही समजलं असन. पन त्यायलेही फाईल बंद कराची होती.

आमिनाबाई उठली. मले शिव्या देईन, रडन, मॅडमच्या पाया पडन, असं वाटत होतं. तिनं सही केली, पत्राची नक्कल घडी करून पर्समंदी ठेवली अन् मॅडमले "येते" म्हनली.

बसस्टँडलोक आमी पायी आलो. खुशीचा फोन वाजून राहिला होता. "बाबा, अकोल्यात आहात ना? भेटून जा," असं सांगन्यासाठी असन. मी उचलला नाई. आमिनाबाई दोन पावलं पुढं चालत होती, पन मले मांगं टाकावं असं काही तिच्या चालन्यात नोतं.

अमरावतीची बस लागलेली होती. पायरीवर पाय ठेवता ठेवता ती थांबली.

"उत्तमभाऊ, तुमचे किती आले होते?"

"आठ हजार दोनशे साठ."

तिनं मनाशी थोडा हिशेब केल्यासारखं केलं.

"मले मांगतले असते तं मी देल्ले असते," ती म्हने. "एकदम जमले नसते. पन महिन्या-महिन्यानं देल्ले असते."

अन् ती बसमंदी चढली, खिडकीजवळ बसली. तिच्या बाजूची जागा खाली होती. मी ती बस जाऊ देल्ली, मांगून दुसरीनं आलो.